सुक्रालोज: चहातली गोळी, शुगर-फ्री मिठाई आणि सुरक्षितता (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

घरात कुणाला मधुमेह निघाला की आठवड्याभरात ओट्यावर एक छोटी पांढरी डबी येते. खटका दाबला की गोळी टपकन चहात पडते. डॉक्टर म्हणतात चालेल, शेजारच्या काकू म्हणतात कॅन्सर होतो, आणि मोबाइलवर रोज नवा व्हिडिओ येतो. आमच्या घरातही दोघांना मधुमेह आहे, त्यामुळे नातेवाईक आणि ओळखीचे लोक हे प्रश्न सतत विचारतात. इथली उत्तरं सुक्रालोज या एकाच स्वीटनरपुरती आहेत. सॅक्रीन, अ‍ॅस्पार्टेम, स्टीव्हिया या सगळ्यांना एकाच पोत्यात भरलं की निम्मा गोंधळ तिथेच सुरू होतो.

सुक्रालोज म्हणजे नेमकं काय?

साखरेच्या रेणूत फेरफार करून बनवलेला, साखरेच्या सुमारे ६०० पट गोड पदार्थ. साखरेच्या रेणूवर ऑक्सिजन आणि हायड्रोजनच्या जोड्या असतात. त्यातल्या तीन जोड्या काढून त्या जागी क्लोरीनचे अणू बसवतात. जिभेला तो रेणू गोडच लागतो, पण आपल्या पाचकरसांना तो फोडता येत नाही, म्हणून त्यातून ऊर्जा मिळत नाही.

६०० पट म्हणजे किती, हे हिशोबातून लक्षात येतं. चमचाभर म्हणजे ५ ग्रॅम साखरेचं काम जेमतेम ८ मिलिग्रॅम सुक्रालोज करतं. एवढी पूड डोळ्यांना धड दिसतही नाही. डबीतल्या गोळीचा बहुतेक भाग त्यामुळे भराव असतो: लॅक्टोज किंवा तसंच काहीतरी. पुडीतल्या पावडरीत बहुधा माल्टोडेक्स्ट्रिन किंवा डेक्स्ट्रोज घालतात.

याचा शोध कुणी लावला?

१९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात, प्राध्यापक लेस्ली हफ यांच्या हाताखाली काम करणाऱ्या शशिकांत फडणीस यांनी. टेट अँड लाइल ही ब्रिटिश साखर कंपनी या संशोधनात भागीदार होती आणि साखरेपासून आणखी काय काय बनवता येईल याचा शोध चालू होता. हफ यांनी एका क्लोरीनयुक्त साखरेची चाचणी घ्यायला सांगितलं, फडणीसांना इंग्रजीतलं 'test' (चाचणी) हे 'taste' (चव) असं ऐकू आलं, आणि त्यांनी चिमूटभर पदार्थ जिभेवर ठेवला. प्रयोगशाळेत असं कुणी करू नये, पण त्या दिवशी ते घडलं आणि जगभर विकला जाणारा स्वीटनर हाती लागला. त्यात एका मराठी आडनावाच्या माणसाचा वाटा आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं, आणि ते माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

बाजारात यायला मात्र बराच काळ गेला. कॅनडाने १९९१ मध्ये सर्वांत आधी परवानगी दिली, अमेरिकेने १९९८ मध्ये, युरोपीय संघाने २००४ मध्ये. भारतातही एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा यंत्रणेच्या नियमांत सुक्रालोज परवानगी असलेल्या स्वीटनरांच्या यादीत आहे.

साखरेपासून बनतं म्हणजे नैसर्गिकच ना?

नाही. सुरुवात साखरेपासून होते, पण शेवटी हाती येतो तो निसर्गात न सापडणारा रेणू. अमेरिकेत 'साखरेपासून बनलेलं, म्हणून चवही साखरेसारखी' अशा अर्थाच्या जाहिरातीवरून सुक्रालोज विकणाऱ्या कंपनीला प्रतिस्पर्धी कंपनीने कोर्टात खेचलं होतं आणि २००७ मध्ये प्रकरण तडजोडीने मिटलं. नैसर्गिक नाही म्हणून वाईट, असंही नाही. ते शरीरात जाऊन काय करतं, यावरूनच त्याची परीक्षा करायला हवी.

त्यात क्लोरीन असतं. मग ते विषारी नाही का?

या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी चुकीचे दाखले दिले जातात. एक बाजू म्हणते, मिठातही क्लोरीन असतंच की. दुसरी म्हणते, कीटकनाशकांतही क्लोरीन असतं. मिठातलं क्लोरीन पाण्यात सुटं होणारं क्लोराइड असतं, तर सुक्रालोजमधलं कार्बनला घट्ट जोडलेलं असतं, त्यामुळे पहिली तुलना लंगडी पडते. आणि क्लोरीन असलेली कीटकनाशकं चरबीत विरघळून शरीरात साचतात, सुक्रालोज पाण्यात विरघळतं आणि बाहेर पडतं, म्हणून दुसरीही टिकत नाही.

माणसांवर केलेल्या अभ्यासांत दिसलं ते असं: पोटात गेलेल्या सुक्रालोजपैकी सुमारे ८५ टक्के आतड्यातून शोषलंच जात नाही, ते शौचावाटे जसंच्या तसं निघून जातं. उरलेलं रक्तात शिरतं आणि त्यातलं बहुतेक लघवीवाटे, फारसा बदल न होता बाहेर पडतं.

गोळी घेतल्यावर रक्तातली साखर वाढते का?

सुक्रालोजने थेट वाढत नाही. गोळीतल्या भरावाचं म्हणाल तर दिवसाला चार-पाच गोळ्यांमधून येणारं लॅक्टोज नगण्य असतं. मोठ्या डब्यात मिळणाऱ्या 'वाटीला वाटी' मापाच्या पावडरींचं तसं नाही. साखरेइतकं आकारमान भरून यावं म्हणून त्यात माल्टोडेक्स्ट्रिन भरपूर असतं, आणि माल्टोडेक्स्ट्रिन हा पिष्टमय पदार्थ आहे, तो रक्तात साखर म्हणूनच उतरतो. वाटीभर पावडर घालून खीर केली आणि जेवणानंतरची साखर वाढलेली दिसली, तर आधी तो डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचा.

दिवसाला किती चालतं?

आयुष्यभर रोज घेतलं तरी अपाय होऊ नये अशी मर्यादा तज्ज्ञ समित्या ठरवतात. प्राण्यांवरच्या चाचण्यांत जिथे काहीच अपाय दिसला नाही, त्या मात्रेच्या बहुधा शंभराव्या भागावर ती ठेवतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सुक्रालोजसाठी वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ५ मिलिग्रॅम ही मर्यादा धरली आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या संयुक्त समितीने ती १५ मिलिग्रॅम ठेवली आहे. मी घरच्यांसाठी कडक आकडाच धरते.

६० किलोच्या माणसाला ५ च्या हिशोबाने दिवसाला ३०० मिलिग्रॅम. एका चमच्याच्या बरोबरीच्या गोळीत ८ मिलिग्रॅमच्या आसपास असेल, तर या मर्यादेला पोहोचायला पस्तीसहून जास्त गोळ्या लागतील. चहात गोळी टाकणारा माणूस तिच्या जवळपासही फिरकत नाही.

बाटल्यांचं गणित मात्र वेगळं आहे. शीतपेयात लिटरमागे साधारण ३०० मिलिग्रॅमपर्यंत सुक्रालोज घालायला परवानगी आहे. कंपन्या बहुधा दोन-तीन स्वीटनर मिसळतात, त्यामुळे प्रत्यक्षात प्रमाण बरंच कमी असतं. पण समजा एखाद्याने कमाल मात्रा वापरली, तर ३३० मिलिलिटरच्या कॅनमध्ये सुमारे १०० मिलिग्रॅम भरतील. २० किलोच्या मुलाची कडक हिशोबाची पूर्ण दिवसाची मर्यादा तेवढीच आहे. म्हणून मला चहाच्या गोळीपेक्षा फ्रिजमधल्या 'झिरो' बाटलीची जास्त काळजी वाटते.

कॅन्सर होतो का?

माणसांमध्ये सुक्रालोजमुळे कॅन्सर होतो असा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. भीती पसरली ती मुख्यतः तीन बातम्यांमुळे.

पहिली २०१६ ची. इटलीतल्या रामाझिनी इन्स्टिट्यूटने उंदरांना आयुष्यभर मोठ्या मात्रेत सुक्रालोज दिलं आणि नर उंदरांत रक्ताचा कॅन्सर वाढल्याचं सांगितलं. युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१७ मध्ये तो अभ्यास तपासला आणि त्यातली माहिती हा निष्कर्ष पेलत नाही असं मत दिलं.

दुसरी जुलै २०२३ ची, आणि ती मुळात सुक्रालोजबद्दल नव्हतीच. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने अ‍ॅस्पार्टेमला 'कदाचित कॅन्सरकारक' या गटात टाकलं. त्याच वेळी संयुक्त समितीने अ‍ॅस्पार्टेमची दिवसाची मर्यादा, किलोमागे ४० मिलिग्रॅम, होती तशीच ठेवली. आपल्याकडे बातमी आली ती 'शुगर-फ्रीने कॅन्सर' या मथळ्याखाली, आणि लोकांनी सुक्रालोजच्या डब्याही फेकून दिल्या.

तिसरी बातमी थोडी गंभीर, तिला वेगळं उत्तर हवं.

सुक्रालोज डीएनए तोडतं असं वाचलं. खरं का?

२०२३ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाच्या संशोधकांनी सुक्रालोज-६-अ‍ॅसिटेट या रसायनाचा अभ्यास छापला. सुक्रालोज बनवताना मधल्या टप्प्यावर हे रसायन तयार होतं आणि तयार मालात त्याचा अंश उरू शकतो. प्रयोगशाळेतल्या पेशींवर ते टाकलं तेव्हा डीएनएला इजा झाल्याचं दिसलं. हा प्रयोग बशीतल्या पेशींवरचा होता, गोळी घेणाऱ्या माणसांवरचा नव्हता, आणि मात्राही निराळ्या होत्या. पण म्हणून ती बातमी उडवून लावायचं मला पटत नाही. शुद्धीकरण नीट झालं नसेल तर अशी अशुद्धी वाढते, एवढं त्यातून स्पष्ट होतं. मी यातून एक व्यवहारी धडा घेतला: किलोवर सुटी मिळणारी, ना कंपनीचं नाव ना परवाना क्रमांक अशी 'शुगर-फ्री पावडर' घरात आणायची नाही. मिठाईवाल्यांना माल पुरवणाऱ्या बाजारांत असं बरंच काही स्वस्तात मिळतं.

पोटातल्या चांगल्या जिवाणूंवर परिणाम होतो का?

होऊ शकतो, आणि माझ्या मते सुक्रालोजबद्दलचा आजचा सर्वांत महत्त्वाचा अनुत्तरित प्रश्न हाच आहे. इस्रायलच्या वाइझमन इन्स्टिट्यूटने २०२२ मध्ये १२० निरोगी प्रौढांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. दोन आठवडे कुणाला सॅक्रीन, कुणाला सुक्रालोज, कुणाला अ‍ॅस्पार्टेम, कुणाला स्टीव्हिया दिलं, तेही मान्य मर्यादेच्या आत. सॅक्रीन आणि सुक्रालोजच्या गटांत ग्लुकोज पाजल्यानंतरची साखर आधीपेक्षा जास्त चढली. सगळ्यांची सारखी नाही: काहींची ठळक, काहींची जवळपास नाहीच. ज्याच्या त्याच्या आतड्यातल्या जिवाणूंवर ते अवलंबून दिसलं.

त्याआधी २०२० मध्ये येल विद्यापीठाच्या गटाला आणखी एक गोष्ट आढळली होती. नुसतं सुक्रालोज घातलेलं पेय देऊन काही बिघडलं नाही, पण त्याच पेयात माल्टोडेक्स्ट्रिन मिसळलं तेव्हा इन्सुलिनला शरीर देत असलेला प्रतिसाद मंदावला. हे अभ्यास लहान आणि थोड्या दिवसांचे होते, माणसंही निरोगी होती. यावरून मधुमेही आजोबांची गोळी बंद करावी असं निघत नाही. धडधाकट तरुणाने मात्र 'काय बिघडतंय' म्हणून दिवसभर झिरो पेयं पीत राहू नये, एवढं सांगायला हा पुरावा मला पुरेसा वाटतो.

वजन कमी करायला उपयोग होतो का?

मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केली की वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरविरहित स्वीटनरांवर भिस्त ठेवू नये. त्यात सुक्रालोजही आलं आणि स्टीव्हियाही. शिफारस सशर्त आहे आणि आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, हा भाग बातम्यांत गळून पडला. थोड्या दिवसांच्या प्रयोगांत साखरेऐवजी स्वीटनर घेणाऱ्यांचं वजन किंचित उतरतं. वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांत तो फायदा दिसत नाही.

का दिसत नाही, हे कुठल्याही घरगुती समारंभात कळतं. चहात साखर नको म्हणून सांगितलेलं असतं, आणि बशीत दोन खारी आणि फरसाणाची मूठ असते. गोळीने वाचलेली ऊर्जा चमच्यामागे २० कॅलरींची. दुसऱ्या बाजूला त्याच्या कितीतरी पट आत जाते, आणि मनाला वाटतं आपण पथ्य पाळलं.

मधुमेह असलेल्याने चहात साखरेऐवजी ही गोळी घ्यावी का?

साखरेशिवाय चहा घशाखाली उतरत नसेल, तर हो. चेन्नईच्या मद्रास डायबेटिस रिसर्च फाउंडेशनने टाइप २ मधुमेह असलेल्या भारतीयांवर हाच प्रयोग केला: १२ आठवडे चहा-कॉफीतल्या साखरेऐवजी सुक्रालोज. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत, म्हणजे एचबीए१सीमध्ये, लक्षणीय फरक पडला नाही. ती बिघडली नाही आणि सुधारलीही नाही. वजन आणि कमरेचा घेर किंचित कमी झाला.

मला हा निकाल फार मोलाचा वाटतो, कारण तो आपल्या चहाचा आहे. दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे, म्हणजे ४० ग्रॅम साखर फक्त चहातून जाते. ती थांबवणं चांगलंच. पण गोळी म्हणजे औषध नव्हे. ती साखर उतरवत नाही, फक्त जास्तीची भर घालत नाही.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला तर गोळीची गरजच नाही ना?

मधुमेहासाठी गूळ म्हणजे साखरच. रंग, वास आणि थोडी खनिजं वेगळी, रक्तातली साखर वाढवण्यात फरक नगण्य. मधही त्याच घरातला. 'सेंद्रिय गूळ चालतो' असं कुणी कितीही ठामपणे सांगितलं तरी एकदा गुळाचा चहा पिऊन दोन तासांनी ग्लुकोमीटरवर बोट टोचून पाहा.

चहात उकळताना घातलं तर चालतं का? तळणात, ओव्हनमध्ये?

चहा, खीर, बासुंदी हे १०० अंशांच्या आसपासच राहतात, तिथे सुक्रालोज टिकतं. तरी मी ते गॅस बंद केल्यावरच घालते, कारण चव नीट जोखता येते.

जास्त तापमानाची गोष्ट वेगळी. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेने २०१९ मध्ये सांगितलं की १२० अंशांच्या वर सुक्रालोज मोडायला लागतं आणि त्यातून क्लोरीनयुक्त घातक संयुगं तयार होऊ शकतात. तळणाचं तेल १७० ते १८० अंशांवर असतं, ओव्हनही साधारण तेवढाच. शंकरपाळ्यांच्या पिठात, नानकटाईत, बिस्किटांत सुक्रालोज घालू नका. पुडीवर 'बेकिंगसाठी योग्य' असं छापलेलं असलं तरी मी टाळते.

सुक्रालोज घालून कोणते मराठी पदार्थ जमतात?

साखर पदार्थात फक्त गोडी आणत नाही, हे स्वीटनर वापरायला लागलं की पहिल्यांदा कळतं. श्रीखंडाचंच घ्या. चक्क्यात जवळपास बरोबरीने साखर पडते. ती पाणी सोडवते, चक्का सैल होतो, चकाकी येते आणि पुरणयंत्रातून सरसर उतरतो. सुक्रालोज घातलं की यातलं काहीच होत नाही: चक्का घट्ट, रवाळ राहतो आणि पातेल्यात निम्माच भरतो. यावर आमचा उपाय असा: कोमट दुधात केशर आणि स्वीटनर दोन्ही विरघळवून घ्यायचं, ते चमचा-चमचा चक्क्यात घालत फेटायचं आणि मग चाळणीतून काढायचं. वेलची थोडी जास्त आणि जायफळ घातलं की स्वीटनरची मागे रेंगाळणारी चवही झाकली जाते. असं श्रीखंड दुसऱ्या दिवशी संपवावं.

खीर, बासुंदी, दुधी हलवा, फळांचं कस्टर्ड हे छान जमतात. चिक्की जमत नाही, कारण पाकच होत नाही. तारेवर येणारा कुठलाही पाक सुक्रालोजने होणार नाही, त्यामुळे पाकातले लाडू, साटोऱ्यांवरचा पाक, अनारसे सोडून द्या. मुरांबा आणि साखरांबा वर्षभर टिकतात ते साखरेमुळे. स्वीटनर घालून केलेला मुरांबा फ्रिजमध्ये ठेवूनसुद्धा थोडेच दिवस वापरायचा, नाहीतर बुरशी येते.

उकडीच्या मोदकाच्या सारणात मी स्वीटनर घालत नाही. खोबरं एकजीव होत नाही आणि मोदक कोरडा लागतो. गणपतीत एक मोदक गुळाचाच खावा, त्या जेवणात भात सोडावा, आणि नंतर साखर मोजावी.

शुगर-फ्री मिठाई मनसोक्त खाल्ली तर चालते का?

नाही, आणि दिवाळीत सर्वांत जास्त नुकसान याच गैरसमजाने होतं. बर्फीत साखर नसेल, पण खवा आणि तूप तेवढंच असतं, काजू कतलीत काजू असतात, बुंदीच्या लाडवात बेसन आणि तळण. 'साखर घातलेली नाही' अशी पाटी असलेल्या लाडवात बऱ्याचदा खजूर-अंजीर असतात, म्हणजे फळांची साखर आलीच. शिवाय घट्टपणा यावा म्हणून काही मिठाईत माल्टिटॉल किंवा सॉर्बिटॉल हे गोड भराव घालतात. ते जास्त पोटात गेलं की गुबारा धरतो आणि जुलाब होतात. दोन काजू कतल्यांच्या जागी सहा खाणाऱ्या काकांना गोळीने नाही, त्या पाटीने फसवलेलं असतं.

पाकिटावर काय पाहायचं?

घटकांच्या यादीत सुक्रालोज हे नाव किंवा ९५५ हा क्रमांक शोधा. ९५० म्हणजे अ‍ॅसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ अ‍ॅस्पार्टेम, ९५४ सॅक्रीन, ९६० स्टीव्हियाचा अर्क. फिनाइलकीटोन्युरिया या जन्मजात विकारासाठीचा इशारा अ‍ॅस्पार्टेमबाबत असतो, सुक्रालोजबाबत नाही. प्रोटीन पावडर, च्युइंग गम, फ्लेवर्ड दही, खोकल्याची औषधं, टूथपेस्ट यांतही स्वीटनर असतात. आपण विकत घेतलं नाही असं वाटत असतानाही ते घरात आलेलं असतं.

लहान मुलांना द्यावं का?

मधुमेह असलेल्या मुलाला त्याच्या डॉक्टरांच्या सल्ल्याने. बाकी मुलांना नको. विष आहे म्हणून नव्हे. त्यांची मर्यादा वजनामुळे लवकर गाठली जाते, आणि जिभेला अति गोडाची सवय याच वयात लागते. आपल्याकडच्या बऱ्याच पाकिटांवर मुलांसाठी शिफारस नसल्याचा इशारा छापलेला असतो, तो पाळावा.

गरोदरपणात, बाळ अंगावर पीत असताना?

मर्यादेत घ्यायला मोठ्या यंत्रणांची मनाई नाही. पण आईने घेतलेलं सुक्रालोज अंगावरच्या दुधात थोडं उतरतं, हे २०१५ मध्ये मोजून दाखवलेलं आहे. गरोदरपणातला मधुमेह असेल तर एखाद-दुसरी गोळी ठीक. झिरो पेयं मात्र या काळात बंदच ठेवावीत असं मला वाटतं. आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवा.

साखर एकदम उतरली, घाम फुटला, हातपाय थरथरले, तर गोड म्हणून हीच गोळी देऊ का?

नाही. हे उत्तर घरातल्या प्रत्येकाने वाचावं. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेणाऱ्यांची साखर अचानक खाली जाते. तेव्हा शरीराला खरं ग्लुकोज लागतं आणि सुक्रालोज तिथे शून्य कामाचं. शुद्धीवर असलेल्या माणसाला तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासा, कमीच असेल तर परत द्या. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका, ताबडतोब दवाखाना गाठा. मधुमेह निघाला म्हणून घरातली साखर पूर्ण हद्दपार करणाऱ्या कुटुंबांना माझी कळकळीची विनंती आहे: एक छोटी बरणी साखरेची ठेवा आणि ती कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक असू द्या.

जुलाब झाल्यावर साखर-मीठ-पाण्यात साखरेऐवजी स्वीटनर चालेल?

चालणार नाही. आतड्याच्या भिंतीतून मीठ आणि पाणी आत ओढून घ्यायला ग्लुकोजची सोबत लागते. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ हे माप त्यासाठीच ठरलेलं आहे. स्वीटनर घातलं तर पाणी गोड लागेल, शोषलं जाणार नाही. मधुमेही माणसालाही जुलाबात ओआरएस द्यायचंच असतं, फक्त साखर मोजत राहायची आणि डॉक्टरांना कळवायचं.

उपासाला चालतं का?

हा ज्याच्या त्याच्या घरच्या रिवाजाचा प्रश्न. गोळीत लॅक्टोज असतं, ते दुधातलं. धान्य नको असेल तर माल्टोडेक्स्ट्रिन असलेली पावडर टाळा, ती बहुधा मक्याच्या पिष्टापासून बनते. मला जास्त धास्ती साबुदाण्याची वाटते: मधुमेहात बिनसाखरेच्या चहासोबत वाटीभर खिचडी खाल्ली, तर गोळीने काही वाचवलं नाही.

सुक्रालोज की स्टीव्हिया?

स्टीव्हिया पानातून येतं म्हणून आपोआप सुरक्षित ठरत नाही. बाजारातला त्याचा अर्कही कारखान्यातच शुद्ध होतो. चवीत सुक्रालोज साखरेच्या जास्त जवळ आहे, स्टीव्हियाची कडवट छटा दुधाच्या चहात उठून दिसते. दातांना दोन्ही किडवत नाहीत. एक बाब मात्र सुक्रालोजच्या विरोधात जाते: ते सांडपाण्याच्या शुद्धीकरणातही मोडत नाही आणि नद्यांमध्ये पोहोचतं, इतकं की पाण्यात सांडपाणी मिसळलं आहे का हे ओळखायला शास्त्रज्ञ त्याचाच माग काढतात.

सासूबाई एका कपात तीन गोळ्या घालतात. कमी कशा करायच्या?

एकदम बंद करू नका. आधी तीनच्या दोन करा आणि पंधरा दिवस जाऊ द्या. चहात आलं किंवा गवती चहा वाढवा, दुधाचं प्रमाण तेच ठेवा. मग दीड: गोळी सुरीने अर्धी होते. जीभ कमी गोडाला हळूहळू सरावते, आमच्या घरी दोघांचीही सरावली. सकाळचा पहिला चहा सर्वांत शेवटी बदला, कारण त्यावरूनच भांडण होतं. संध्याकाळचा कप आधी घ्या, त्या वेळी गप्पांमध्ये अर्धी गोळी कमी पडल्याचं बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.